इन्सब्रुक

ऑस्ट्रियाच्या टिरोल प्रांताची राजधानी व आल्प्स पर्वतातील एक इतिहासप्रसिद्ध नगर. लोकसंख्या सु. १,३०,०००. हे म्यूनिकच्या दक्षिणेस सु. १०० किमी. अंतरावर, इन नदीच्या खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून सु. ५७४ मी. उंचीवर वसले आहे. शहराच्या उत्तरेस नॉर्डकेटे ही पर्वतराजी भिंतीसारखी उभी असून तिची हाफेलेकारसारखी शिखरे २,३०० मी.हून अधिक उंच आहेत. दक्षिणेस पाचरकोफेल (२,२४६ मी.) हा डोंगर असून त्याच्या पायथ्याशी सिल नदीचे खोरे उघडते. या खोऱ्यानेच ब्रेनर खिंडीचा मार्ग वर चढतो. ब्रेनर (सु. १,३७० मी.) ही आल्प्सच्या मुख्य रांगेतील सर्वांत सखल खिंडींपैकी एक असल्याने जर्मनी व इटली यांच्यामधील दळणवळण प्राचीन काळापासून तिच्यातून चालत आले आहे. ‘फॉन’ हा उष्ण व कोरडा दक्षिण वाराही याच वाटेने शहरात उतरतो आणि ऐन हिवाळ्यातही एका दिवसात बर्फ वितळवून टाकतो.

इन्सब्रुक म्हणजे ‘इन नदीवरील पूल’. नगराच्या मुद्रेवर व ध्वजचिन्हातही पूलच आहे. बर्फाच्छादित शिखरे, सोनेरी सज्जा आणि हिवाळी क्रीडा यांमुळे हे शहर प्रवाशांच्या परिचयाचे झाले असले, तरी त्याचा उदय, वैभव व हानी या तिन्हींचे मूळ ब्रेनरच्या घाटवाटेत आहे. जुने नगर आटोपशीर असल्याने तेथील मुख्य वास्तू एका दिवसात पायी पाहता येतात. उत्तरेकडील पुलापासून निघून दक्षिणेकडील बेर्गीझेल टेकडीपर्यंत जाणारा हा मार्ग म्हणजे जुन्या व्यापारी हमरस्त्याचाच एक तुकडा होय.

रोमनांनी ब्रेनरचा रस्ता बांधून काढला आणि त्याच्या रक्षणासाठी बेर्गीझेलच्या पायथ्याशी व्हेल्डिडेना हे ठाणे वसविले. आजच्या व्हिल्टन या उपनगराच्या नावात ते नाव टिकून आहे. व्हिल्टन येथे ११३८ मध्ये मठ स्थापन झाला. इनच्या उत्तर तीरावर अँडेक्सच्या काउंट घराण्याची वसाहत व बाजार होता. दक्षिणेकडील मोकळी जमीन मात्र मठाच्या मालकीची होती. काउंटने ११८० मध्ये मठाशी करार करून ही जमीन मिळविली आणि बाजार पुलाच्या दक्षिण टोकाशी आणला. पुढे तेथे तटबंदी उभी राहिली. १२३९ मध्ये नगराचे हक्क लेखी मान्य झाले. ज्याच्या हाती पूल, त्याच्या हाती जकात, असा हा सरळ हिशेब होता. अँडेक्स घराणे खुंटल्यावर १२४८ मध्ये हा प्रदेश टिरोलच्या काउंटांकडे व १३६३ मध्ये मार्गारेटे माउल्टाश हिने केलेल्या हस्तांतरामुळे हॅप्सबर्ग घराण्याकडे आला. टिरोलची मूळची राजधानी खिंडीच्या दक्षिणेकडील मेरान ही होती. चौथा फ्रीड्रिख याने १४२० च्या सुमारास आपले निवासस्थान तेथून इन्सब्रुकला हलविले. मेरान व इन्सब्रुक या दोन नगरांचा हा संबंध पुढे पाचशे वर्षांनी फार वेगळ्या अर्थाने आठवावा लागला.

फ्रीड्रिखला ‘रिकाम्या खिशाचा’ असे टोपणनाव होते. उलट त्याचा मुलगा सीगिसमुंट (कार. १४४६–९०) ‘नाण्यांचा धनी’ म्हणून ओळखला जातो. इनच्या खोऱ्यातील श्व्हात्स येथे चांदीच्या समृद्ध खाणी सुरू झाल्या होत्या. सीगिसमुंटने १४७७ मध्ये मेरानची टांकसाळ श्व्हात्सजवळच्या हाल या गावी आणली आणि तेथे १४८६ मध्ये चांदीचे मोठे व जड नाणे पाडण्यात आले. यूरोपात पुढे रूढ झालेल्या ‘थेलर’ नाण्याचा हा पूर्वज होय. ‘डॉलर’ हा शब्दही थेलरवरूनच आला आहे. सीगिसमुंटचा खर्च मात्र खाणींच्या उत्पन्नाच्या पुढे धावत असे. त्याने आउग्जबुर्कच्या फुगर या सावकारी पेढीकडे चांदीचे उत्पन्न गहाण ठेवले व शेवटी प्रांताच्या सभेच्या दडपणामुळे १४९० मध्ये पद सोडून राज्य आपला नातलग मॅक्सिमिलियन याच्याकडे दिले. टोपणनावांवर जाऊ नये, याचे हे चांगले उदाहरण आहे.

पुलाकडून जुन्या नगरात शिरल्यावर कमानींच्या ओवऱ्या असलेल्या, दोन्ही बाजूंनी दाटलेल्या घरांमधून रस्ता एका लहानशा चौकात येतो. समोर दिसणारी ‘सोनेरी छत’ (गोल्डेनेस डाखल) ही वास्तू म्हणजे इन्सब्रुकचे सर्वपरिचित चिन्ह. फ्रीड्रिखने आपल्या रिकाम्या खिशाची निंदा खोटी ठरविण्यासाठी हे छत बांधले, अशी आख्यायिका आहे. परंतु ती खरी नाही. नीक्लास ट्यूरिंग (थोरला) या शिल्पकाराने मॅक्सिमिलियनसाठी हा दगडी सज्जा उभारला व १५०० मध्ये तो पूर्ण झाला. त्याच्या छपरावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची २,६५७ कौले आहेत. चौकात चालणारे सामने व उत्सव राजपरिवाराला तेथून पाहता येत. सज्ज्याच्या कठड्यावरील उत्थित शिल्पांत मॅक्सिमिलियन आपल्या दोन पत्नींसह दाखविला आहे. बर्गंडीची मेरी ही पहिली पत्नी १४८२ मध्येच मरण पावली होती. मिलानची बिआंका मारिया स्फोर्त्सा ही १४९४ मध्ये विवाहित होऊन आली. दुसऱ्या पत्नीच्या शेजारी पहिलीची मूर्ती कोरविण्यात शोकापेक्षा राजकारण अधिक होते. बर्गंडीचा वारसा व मिलानचा हुंडा या दोहोंवरील आपला अधिकार मॅक्सिमिलियनला रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याच्या नजरेस आणावयाचा होता. इतर शिल्पांत अंग वेडेवाकडे मुरडून नाचणारे ‘मॉरिश’ नर्तक असून ती फार जिवंत आहेत. आज जागेवर प्रतिकृती असून मूळ शिल्पे प्रांतिक संग्रहालयात ठेवली आहेत.

याच चौकात २५ फेब्रुवारी १५३६ रोजी याकोप हुटर या धर्मसुधारकास जिवंत जाळण्यात आले. दक्षिण टिरोलमध्ये जन्मलेला हुटर हा प्रौढपणी बाप्तिस्मा, सामाईक मालमत्ता व शस्त्रत्याग यांचा पुरस्कार करणाऱ्या पंथाचा नेता होता. त्याचे अनुयायी मोरेव्हियात आश्रयास गेले. त्यांचे ‘हुटराइट’ वंशज एकोणिसाव्या शतकात उत्तर अमेरिकेत पोहोचले व तेथे अद्यापि सामुदायिक शेती करून राहतात. चौकातील एक लहान स्मृतिफलक या घटनेची नोंद देतो. सोनेरी कौलांकडे पाहणाऱ्यांची नजर सहसा तेथवर जात नाही.

चौकाजवळचा नगरमनोरा १४४२–५० या काळात बांधला गेला. त्याची उंची सु. ५१ मी. असून १३३ पायऱ्या चढून गेल्यावर लागणाऱ्या सज्ज्यातून नगराची रचना स्पष्ट दिसते : नदी, पूल, अरुंद जुनी वस्ती आणि दक्षिणेकडे सरळ जाणारा रस्ता. शेजारच्या हेल्बलिंग घराच्या दर्शनी भागावरील चुनेगच्चीचे रोकोको नक्षीकाम अठराव्या शतकातील आहे. आल्ब्रेख्त ड्यूररने १४९४–९५ च्या सुमारास इटलीच्या प्रवासात इन्सब्रुकची जलरंगचित्रे काढली. त्यांपैकी एकात इनच्या पाण्यात प्रतिबिंबित झालेले तटबंदीचे नगर व मागे हिमाच्छादित डोंगर दिसतात. यूरोपीय कलेतील स्थलदृश्यांचा हा अगदी आरंभीचा नमुना असून नगराचे मध्ययुगीन रूप कळण्यास त्याचा मोठा उपयोग होतो.

मॅक्सिमिलियनच्या कारकीर्दीत इन्सब्रुक हे पवित्र रोमन साम्राज्याच्या कारभाराचे एक प्रमुख केंद्र बनले. इटलीतील युद्धे, बर्गंडीचा वारसा आणि फुगर पेढीचे कर्ज या तिन्हींच्या दृष्टीने ब्रेनरच्या पायथ्याशी असणे त्याला सोयीचे होते. तथापि श्व्हात्सची चांदी त्याच्या युद्धांनाही पुरली नाही. १५१८ च्या अखेरीस तो इन्सब्रुकला आला, तेव्हा मागील देणी न फिटल्याने तेथील सराईवाल्यांनी त्याच्या लवाजम्याचे घोडे ठेवून घेण्यास नकार दिला, असे सांगतात. आजारी सम्राट तेथून निघाला व १२ जानेवारी १५१९ रोजी वेल्स येथे मरण पावला. त्याच्या इच्छेनुसार त्याचे दफन व्हीनर नॉइश्टाट येथे झाले.

इन्सब्रुकच्या राजचर्चमध्ये (होफकिर्ख) त्याची जी भव्य समाधी आहे ती त्यामुळे रिकामी आहे. ही समाधी म्हणजे जर्मन प्रबोधनकालीन शिल्पकलेतील सर्वांत मोठा उपक्रम. तिची कल्पना व आराखडा खुद्द मॅक्सिमिलियनचा असून काम १५०२ मध्ये सुरू झाले. आपल्या शवपेटीभोवती पूर्वजांच्या व नातलगांच्या चाळीस प्रचंड ब्राँझमूर्ती असाव्यात, अशी त्याची योजना होती. त्यांपैकी अठ्ठावीसच प्रत्यक्षात आल्या. बहुतेक मूर्ती इन्सब्रुकजवळच्या म्यूलाऊ येथील ओतशाळेत ओतल्या गेल्या. सर्वांत सुंदर समजल्या जाणाऱ्या राजा आर्थर व ऑस्ट्रोगॉथ राजा थिओडोरिक यांच्या मूर्ती मात्र न्यूरेंबर्गच्या पेटर फिशरच्या कारखान्यात १५१३ मध्ये घडल्या. त्यांची रेखाटने ड्यूररची मानली जातात. स्थानिक लोक या समूहास ‘काळे पुरुष’ म्हणतात. वस्तुतः त्यांत आठ स्त्रिया आहेत. दंतकथेतला आर्थर आणि इतिहासातले हॅप्सबर्ग यांना एकाच रांगेत उभे करताना मॅक्सिमिलियनला कसलाही संकोच वाटला नाही. वंशावळीचे संशोधन हे त्याच्या दरबारात राजकारणाचे एक अंग होते.

समाधी ठेवण्यासाठी नातू पहिला फेर्डिनांट याने १५५३–६३ मध्ये हे चर्च बांधविले. मधल्या काळात, १५५२ मध्ये, सॅक्सनीच्या मॉरिसने अचानक चढाई केल्याने पाचवा चार्ल्स याला इन्सब्रुकहून ब्रेनरमार्गे पळ काढावा लागला होता. समाधीच्या चारही बाजूंना मॅक्सिमिलियनच्या जीवनातील प्रसंगांचे संगमरवरी २४ उत्थित शिल्पपट असून त्यांपैकी बहुतांश आलेक्झांडर कोलिन या फ्लेमिश शिल्पकाराचे आहेत. वितीएवढ्या जागेत घोडदळ, तटबंद्या व तंबू इतक्या बारकाईने कोरले आहेत की, सोळाव्या शतकातील युद्धसाहित्याच्या अभ्यासकाला ते साधनग्रंथासारखे उपयोगी पडतात. वर गुडघे टेकून बसलेल्या सम्राटाची ब्राँझमूर्ती १५८४ मध्ये बसविण्यात आली. म्हणजे योजनेपासून पूर्ततेपर्यंत सु. ८२ वर्षे लागली. याच चर्चमध्ये स्वीडनची पदत्याग केलेली राणी क्रिस्तीना हिने रोमला जाताना ३ नोव्हेंबर १६५५ रोजी कॅथलिक पंथ जाहीरपणे स्वीकारला. प्रॉटेस्टंट पक्षाचा आधारस्तंभ असलेल्या गस्टाव्हस अडॉल्फसची ही कन्या होती.

शहराच्या आग्नेयेस आंब्रास हा किल्लेवजा प्रासाद आहे. टिरोलचा शासक आर्चड्यूक दुसरा फेर्डिनांट (कार. १५६४–९५) याने तो आपली पत्नी फिलिपीने व्हेल्झर हिच्यासाठी वाढवून सजविला. फिलिपीने आउग्जबुर्कच्या व्यापारी घराण्यातील असल्याने १५५७ मध्ये झालेला हा विवाह प्रथम गुप्त ठेवावा लागला आणि तिच्या मुलांना गादीचा हक्क नाकारण्यात आला. या व्हेल्झर घराण्याचा भारताशीही संबंध आला होता. पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रांसिस्कू दे अल्मेइदा याचे आरमार १५०५ मध्ये भारताकडे निघाले, तेव्हा व्हेल्झर व इतर जर्मन व्यापाऱ्यांनी त्यात भांडवल गुंतविले आणि आपला प्रतिनिधी म्हणून टिरोलमधील फिल्स गावच्या बाल्टाझार श्प्रेंगर याला पाठविले. त्याच्या प्रवासवृत्तासाठी हान्स बुर्ककमायरने काष्ठठसे कोरले व मॅक्सिमिलियनच्या ‘विजययात्रे’च्या चित्रमालेत ‘कालिकतचे लोक’ही आले. अर्थात त्यांतील बरेचसे कल्पनेने भरलेले आहे.

आंब्रासमध्ये फेर्डिनांटने चिलखते, चित्रे, ग्रंथ व अद्भुत वस्तू यांचा संग्रह केला व तो मांडण्यासाठी खास इमारती बांधल्या. वस्तुसंग्रहालयाच्या हेतूने बांधलेल्या यूरोपातील सर्वांत जुन्या वास्तूंत त्यांची गणना होते. येथील सु. ४३ मी. लांबीचे ‘स्पॅनिश दालन’ प्रेक्षणीय आहे. चेल्लीनीचे सोन्याचे मीठपात्र व मेक्सिकोतील पिसांचा शिरोमुकुट या आज व्हिएन्नात असलेल्या वस्तू एके काळी आंब्रासच्या संग्रहात होत्या. टिरोल बव्हेरियाकडे गेल्यावर १८०६ मध्ये संग्रहाचा मोठा भाग व्हिएन्नाला हलविण्यात आला व तो परत आला नाही.

टिरोलची स्वतंत्र हॅप्सबर्ग शाखा १६६५ मध्ये संपली व राजदरबार व्हिएन्नाला गेला. त्यानंतरच्या शतकात इन्सब्रुक हे प्रांतिक नगर म्हणूनच राहिले. पहिला लीओपोल्ट याने १६६९ मध्ये येथे विद्यापीठ स्थापिले. त्याचा खर्च हाल येथील मिठावरील जादा करातून भागविला जाई. १६८९ च्या भूकंपाने अनेक इमारती मोडकळीस आल्या. सेंट जेम्सचे चर्च (आताचे कॅथीड्रल) १७१७–२४ मध्ये बरोक शैलीत नव्याने बांधले गेले. त्याची भित्तिलेपचित्रे व गच्चकाम आझाम बंधूंचे आहे. मुख्य वेदीवर लूकास क्रानाखचे ‘मेरी व बाल येशू’ हे चित्र असून आल्प्सच्या खेड्यापाड्यांतील घरांच्या भिंतींवर त्याच्या असंख्य नकला आढळतात.

जुन्या नगराच्या दक्षिण वेशीपासून मारिया तेरेसा रस्ता सुरू होतो. त्याच्या मध्यावरील सेंट ॲनचा स्तंभ (१७०६) हा बव्हेरियन सैन्य २६ जुलै १७०३ रोजी टिरोलमधून हटल्याचे स्मारक होय. रस्त्याच्या दक्षिण टोकास विजयकमान आहे. मारिया तेरेसाचा मुलगा लीओपोल्ट याचा विवाह स्पेनच्या राजकन्येशी ऑगस्ट १७६५ मध्ये इन्सब्रुक येथे झाला. त्यासाठी ही कमान उभारण्यात आली. परंतु समारंभ चालू असतानाच, १८ ऑगस्ट रोजी, वराचे वडील सम्राट पहिला फ्रान्सिस अकस्मात मरण पावले. त्यामुळे कमानीच्या दक्षिण बाजूस विवाहाची व उत्तर बाजूस शोकाची शिल्पे आहेत. बाहेरून नगरात येणाऱ्याला उत्सव दिसतो, तर नगरातून बाहेर पडणाऱ्याला मृत्यू. मारिया तेरेसाने त्यानंतर आयुष्यभर शोकवस्त्रे वापरली. तिने नव्याने सजविलेल्या राजवाड्यातील (होफबुर्क) महादालनाच्या छतावर फ्रांट्स आंटोन माउल्बेर्चची चित्रे असून भिंतींवर तिच्या मुलांची व्यक्तिचित्रे लावली आहेत.

नेपोलियनकडून पराभूत झालेल्या ऑस्ट्रियाने १८०५ च्या प्रेसबर्गच्या तहाने टिरोल बव्हेरियाला दिला. नव्या सरकारने प्रांतिक सभा बंद केली, ‘टिरोल’ हे नावही कारभारातून काढले, सक्तीची सैन्यभरती सुरू केली आणि धर्मविधींत हात घातला. १८०९ च्या एप्रिलमध्ये उठाव झाला. त्याचा नेता आंड्रेआस होफर हा खिंडीच्या दक्षिणेकडील पासायर खोऱ्यातील एक सराईवाला होता. शेतकऱ्यांच्या तुकड्यांनी बेर्गीझेल टेकडीवर खिंड लढवून मे महिन्यात बव्हेरियन सैन्य व १३ ऑगस्टला मार्शल लफेव्ह्रचे सैन्य मागे रेटले. होफरने सम्राटाच्या नावाने सु. दोन महिने राजवाड्यातून कारभार पाहिला. ऑस्ट्रियाच्या सम्राटाने मात्र १४ ऑक्टोबरला शनब्रुनचा तह करून टिरोल पुन्हा सोडून दिला. १ नोव्हेंबरला बेर्गीझेलवर उठावाचा पराभव झाला. फितुरीने पकडला गेलेला होफर २० फेब्रुवारी १८१० रोजी मँच्युआ येथे गोळ्या घालून मारला गेला. त्याचे अवशेष १८२३ मध्ये ऑस्ट्रियन अधिकाऱ्यांनी गुपचूप इन्सब्रुकला आणले व राजचर्चमध्ये पुरले. सम्राटाची समाधी रिकामी आणि सराईवाल्याची मात्र खरी, अशी त्या चर्चची स्थिती आहे.

होफरचे चित्र पुढील शतकात स्वातंत्र्यवीर म्हणून रंगविले गेले. बेर्गीझेलवरील संग्रहालयात १३ ऑगस्टच्या लढाईचे, एक हजार चौ. मी.हून मोठे वर्तुळाकार चित्र (१८९६) आहे. त्यातही हीच भूमिका आहे. इतिहास इतका सरळ नाही. देवीच्या लशीला झालेला विरोधही उठावाच्या कारणांत होता. होफरच्या राजवटीने स्त्रियांच्या पोशाखावर निर्बंध घातले. आणि एप्रिल १८०९ मध्ये इन्सब्रुकमधील ज्यू कुटुंबांची घरे लुटली गेली. शेतकऱ्यांचे शौर्य खरे आणि राजाने त्यांना सोडून दिले हेही खरे. परंतु त्यांना हवे होते ते जुन्या रूढी व हक्क, आधुनिक अर्थाचे स्वातंत्र्य नव्हे.

टिरोल १८१४ मध्ये ऑस्ट्रियाकडे परत आला. १८६७ मध्ये ब्रेनर लोहमार्ग व १८८४ मध्ये आर्लबेर्क बोगदा सुरू झाल्याने इन्सब्रुक हे आल्प्समधील महत्त्वाचे प्रस्थानक बनले. पहिल्या महायुद्धानंतर १० सप्टेंबर १९१९ च्या सँ-झेर्मँच्या तहाने ब्रेनरच्या दक्षिणेकडील बहुसंख्य जर्मनभाषी टिरोल इटलीला देण्यात आला. ज्या खिंडीमुळे दोन्ही उतारांवरील खोरी पाच शतकांहून अधिक काळ एका राज्यात नांदली, तिच्यावरच सरहद्द आली. मेरान ही जुनी राजधानी व होफरचे जन्मगाव परदेशात गेले. आज इन्सब्रुकच्या रेल्वेस्थानकासमोरील चौकाला दक्षिण टिरोलचे नाव असून आसपासच्या रस्त्यांना मेरान, ब्रिक्सन, झालुर्न, बोत्सेन या सरहद्दीपलीकडील नगरांची नावे आहेत.

मुसोलिनीच्या राजवटीत दक्षिण टिरोलमध्ये जर्मन शाळा व स्थलनामे यांवर बंदी आली. १९३९ मध्ये हिटलर व मुसोलिनी यांच्यातील समझोत्याने तेथील लोकांना मायभूमी किंवा भाषा यांपैकी एकाची निवड करणे भाग पडले. स्थलांतरितांसाठी इन्सब्रुकमध्ये वसाहती बांधण्यात आल्या. खुद्द इन्सब्रुक १९३८ मध्ये नाझी जर्मनीत सामील झाले होते व त्याच वर्षी ९–१० नोव्हेंबरच्या रात्री तेथील ज्यू नागरिकांच्या हत्या झाल्या. त्यांचे स्मारक १९९७ मध्ये प्रांतिक कार्यालयासमोरील चौकात उभारले गेले. डिसेंबर १९४३ पासून झालेल्या बाँबहल्ल्यांत शहराची मोठी हानी झाली. मे १९४५ मध्ये अमेरिकन सैन्य आले. नंतर १९५५ पर्यंत हा भाग फ्रेंच अंमलाखाली होता.

दक्षिण टिरोलचा प्रश्न ५ सप्टेंबर १९४६ च्या ऑस्ट्रिया-इटली कराराने सुटला नाही. १९६० मध्ये ऑस्ट्रियाने तो संयुक्त राष्ट्रांपुढे नेला. १९७२ च्या स्वायत्तता-कायद्यानंतर तणाव निवळला व १९९२ मध्ये वाद मिटल्याचे दोन्ही देशांनी जाहीर केले. ऑस्ट्रिया १९९५ मध्ये यूरोपीय संघात आल्यावर, १९९८ मध्ये, ब्रेनरवरील नित्याची सीमातपासणी थांबली.

इन्सब्रुकला १९६४ व १९७६ मध्ये हिवाळी ऑलिंपिक सामने भरले. यांपैकी दुसरे सामने डेन्व्हरने यजमानपद नाकारल्यामुळे येथे आले. बेर्गीझेलवर त्यासाठी असलेल्या स्की-उड्डाणाच्या जागी २००२ मध्ये झाहा हदीदने आखलेला नवा मनोरा बांधण्यात आला. त्याच्या माथ्यावरून उत्तरेस व्हिल्टनचा मठ, विजयकमान, नगरमनोरा व इनचा पूल एका ओळीत उलगडत जातात; दक्षिणेस सिलच्या खोऱ्यातून ब्रेनरकडे चढणारा लोहमार्ग व महामार्ग दिसतात. या महामार्गावरील ‘यूरोप पूल’ (१९६३) दरीच्या तळापासून सु. १९० मी. उंच आहे. वाहतुकीच्या धुराने व आवाजाने खोऱ्यातील गावे त्रस्त झाल्याने मालवाहतूक रेल्वेकडे वळविण्यासाठी खिंडीखालून ५५ किमी. लांबीचा बोगदा खणण्याचे काम चालू आहे. त्याचे उत्तरेकडील तोंड इन्सब्रुक येथे, तर दक्षिणेकडील तोंड इटलीतील फ्रांट्सेन्सफेस्टे (फोर्तेत्सा) येथे आहे.